मिनिटाला अठ्ठेचाळीस

"मी करतो" असं मी आयुष्यात चार वेळा म्हणालो आहे. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मोरीचा नळ हातात आला. दुसऱ्यांदा भिंतीत खिळा ठोकताना पलीकडच्या घरातलं घड्याळ खाली पडलं. तिसऱ्या वेळेबद्दल आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. इतका अनुभव गाठीशी असताना हेच शब्द चौथ्यांदा तोंडातून का निघावेत, हे मला सांगता येणार नाही. पण निघाले खरे. साक्षीला बायको होती, अप्पा होते आणि फिजिओथेरपीच्या बाई होत्या.

झालं असं की अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय चालता चालता अडायला लागले होते. दुखत नव्हते, सुजले नव्हते. उंबरठा आला, फरशीचा रंग बदलला, कुणी मागून हाक मारली, की पाय जागच्या जागी जमिनीला चिकटायचे. कमरेच्या वरचे अप्पा पुढे जायला तयार आणि खालचे अप्पा ऐकायला तयार नाहीत, असा प्रकार. ज्या माणसानं छत्तीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवलं, ज्याच्या एका शिटीवर चारशे पोरं एकदम डावा पाय उचलायची, त्याचे स्वतःचे दोन पाय आता त्याला जुमानत नव्हते. याचं त्यांना वाईट वाटत होतं की राग येत होता हे सांगणं कठीण. अप्पांचं वाईट वाटणंसुद्धा रागासारखंच दिसतं.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी मी परत येईन. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये वीस पावलं, मध्ये न थांबता. जमलं तर छानच. नाही जमलं तर मी चाकाच्या खुर्चीचं लिहून देणार. उगाच पडलात आणि हाड मोडलं म्हणजे?"

खुर्चीचं नाव काढताच अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. शाळेत त्यांची खुर्ची दुसरेच शिक्षक वापरायचे, कारण अप्पा कधी बसतच नसत. घरीही जेवण आणि वर्तमानपत्र सोडलं तर ते उभे. भिंतीकडे तोंड करून बसलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी एक उपाय सांगितला. ठेका ऐकत चाललं तर असे अडणारे पाय पुष्कळदा सुटतात म्हणे. त्यांनी फोनवर एक टिकटिक लावून दाखवली.

"हे काय?" अप्पा भिंतीला म्हणाले.

"हिच्यावर पावलं टाकायची, आजोबा. एका टिकला एक."

"मी आयुष्यात गजराच्या घड्याळावर उठलो नाही. आता टिकटिकीवर चालू?" मग जरा थांबून म्हणाले, "माझा ड्रम असता तर गोष्ट वेगळी होती."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. बायकोही बघत होती, पण तिच्या बघण्याचा अर्थ 'तुम्ही गप्प बसा' असा होता. सव्वीस वर्षांच्या संसारात हे बघणं मला नीट ओळखता येतं. तरीही मी म्हणालो, "मी करतो."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा तराजू दोन ग्रॅमनं खोटा असला तर मला झोप लागत नाही. 'साधारण', 'जवळपास', 'चालतंय की' हे शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारले की माझा चेहरा बदलतो, असं बायको सांगते. मात्र ठेक्याचं आणि माझं कधीच जमलं नाही. शाळेत संचलनाच्या वेळी सगळ्यांचा डावा पाय पुढे असला की माझा हमखास उजवा. ड्रिलमास्तरांचाच मुलगा! अप्पांनी वर्षभर प्रयत्न केला, मग मला रांगेतून बाहेर काढून हातात फक्कीचा डबा दिला. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायचं काम. शाळा सुटेपर्यंत मी रेघा मारल्या. त्या मात्र एका इंचानं चुकायच्या नाहीत.

तर ड्रम. मूळ ड्रम शाळेत कधीच फुटून गेला होता. पण ड्रम वाजवणारा गैरहजर असला तर सराव अडू नये म्हणून अप्पांनी एकदा मैदानावर टेप लावून तो भरून घेतला होता. त्या कॅसेटसाठी मी मंगळवारी माळा उपसला. तीन सुटकेसी, एक पंखा आणि बायकोच्या मते दहा वर्षांपूर्वी टाकून दिलेलं माझं सगळं सामान खाली आलं. कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर सापडला. तो चालतही होता, हा या गोष्टीतला शेवटचा सुखद धक्का.

कॅसेटमध्ये ड्रम होता आणि ड्रमच्या वर अप्पांचा आवाज. तीस वर्षांपूर्वीचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा: "डावा! डावा! डावा, उजवा, डावा!" आतल्या खोलीत अप्पा ताठ बसले. बायको हातातला डबा ठेवून दारात येऊन उभी राहिली. तिनं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आमचं लग्न झालं तोवर अप्पा निवृत्तीला आले होते.

मी ऑफिसचं स्टॉपवॉच काढलं. ड्रम मिनिटाला एकशे सोळा ठोके. मग अप्पांना हाताला धरून खोलीत चालवलं, तीनदा मोजलं, सरासरी काढली. अप्पांची पावलं मिनिटाला बावन्न. म्हणजे पोरांसाठी वाजवलेला ड्रम अप्पांसाठी निम्म्याहून जास्त सावकाश करायचा. एवढंच. त्रैराशिकाचं साधं गणित, असं मी बायकोला सांगितल्याचं तिला अजून पाठ आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सभा-समारंभांना स्पीकर भाड्यानं देतात म्हणून सगळी इमारत त्यांना स्पीकरवाले म्हणते. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, आणि कॅसेटमधला आवाज त्यात घेण्याची वायर आहे. मी कॅसेट घेऊन वर गेलो.

"सोपं आहे, साहेब," ते म्हणाले. 'सोपं आहे' आणि 'मी करतो' ही दोन वाक्यं एकाच घरात राहायला आली की त्या घराचं काय होतं हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. "पट्टी हळू फिरवली की झालं."

त्यांनी एक कळ दाबली. ड्रम सावकाश झाला आणि त्याबरोबर अप्पांचा आवाजही. विहिरीच्या तळातून एखादा रेडा बोलावा तसं "ड्डाआआव्वाआआ" ऐकू आलं. मी ते फोनवर घेऊन खाली अप्पांना ऐकवलं.

"कोण आहे हा?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीच आहात."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन खिशात घातला. समोरच्या काकू दारातून ऐकत होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या भावजयीच्या वडिलांचंही असंच झालं होतं, त्यांना जाड तळव्याचे बूट दिले आणि ते चालायला लागले, अर्थात पुढे ते गेले, पण ते बुटांमुळे नव्हे. मी त्यांचे आभार मानले.

स्पीकरवाल्यांनी सांगितलं की आवाज जाड न होता नुसता वेळ ताणायचा असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं. त्यांच्याकडे होतं ते जुनं, अर्धवट चालणारं. मला ऑफिसच्या लॅपटॉपची आठवण झाली. बुधवारी मी संगणक शाखेत गेलो. तिथल्या माणसानं फॉर्म दिला. 'सदर प्रणालीचा कार्यालयीन उपयोग' असा त्यात एक रकाना होता. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही, आणि खरं लिहावं तर 'वडिलांना चालवण्यासाठी' असं लिहावं लागलं असतं. मी लिहिलं: 'ध्वनीच्या कालमापाची पडताळणी'.

तासाभरात फॉर्म परत आला. वर लाल शाईत शेरा: 'काळ हा विषय या शाखेकडे नाही. शाखेकडे वजन, लांबी व द्रवमाप. कृपया संबंधित शाखेमार्फत यावे.'

"संबंधित शाखा कुठली?" मी विचारलं.

"तेच तर, सर," तो म्हणाला. "काळाची शाखाच नाही आपल्याकडे."

या वाक्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. तीस वर्षं मी या खात्यात आहे.

म्हणजे पुन्हा स्पीकरवाले. गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळी दहालाच त्यांच्या घरी गेलो. चहूबाजूंनी माणसाएवढे काळे स्पीकर, मध्ये एक टेबल, टेबलावर तो जुना कॉम्प्युटर. आधी कॅसेटमधला आठ ठोक्यांचा एक चांगला तुकडा कापला. असा तुकडा एकामागून एक पुन्हापुन्हा वाजत ठेवला की त्याला लूप म्हणतात. मग नवीन प्रोजेक्ट उघडायचा, प्रोजेक्टला वेग द्यायचा आणि लूप त्यात टाकायचा. लूपचा मूळ वेग मशीन स्वतः ओळखतं आणि त्याला प्रोजेक्टच्या वेगापर्यंत आपणहून ताणतं. आम्ही प्रोजेक्टला बावन्न दिले, लूप टाकला आणि खुर्चीत मागे टेकून बसलो.

ड्रम जवळजवळ पूर्वीच्याच जोरात धावला.

"असं कसं?" मी म्हणालो.

स्पीकरवाल्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मशीननं लूपचा मूळ वेग अठ्ठावन्न असा ओळखला होता. एकशे सोळाच्या जागी अठ्ठावन्न! बेटं एक ठोका सोडून एक मोजत होतं. त्याच्या दृष्टीनं अठ्ठावन्नाचे बावन्न करायचे होते, म्हणजे किरकोळ काम, ते त्यानं इमानदारीनं केलं होतं. वजनकाट्यात निम्मं माप मोजणारा दुकानदार मी त्याच दिवशी बंद करतो. इथे मला दंड करायची सोय नव्हती. मी मूळ वेगाच्या चौकोनात हातानं एकशे सोळा लिहिले आणि खाली सही करावीशी वाटली.

आता लूप खरंच ताणला गेला. चार सेकंदांचा तुकडा नऊ सेकंदांचा झाला. आवाजही जाड झाला नाही. फक्त ड्रमला उचकी लागली. एक ठोका पडायचा तिथे 'ध-ध-धड' असे तीन पडायला लागले, आणि अप्पांचा 'डावा' पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडत यायला लागला.

"एवढं ताणलं की फाटतंच," स्पीकरवाले शांतपणे म्हणाले. "थोडा बेस टाकू का? कळणार नाही."

"नको."

"थोडा घुमारा?"

"नको हो."

"मग प्रत्येक ठोका वेगळा कापायचा. ठोक्याला हात लावायचा नाही. दोन ठोक्यांमधली रिकामी जागा तेवढी वाढवायची."

हे मला पटलं. आम्ही आठ ठोके कापले, अप्पांचा आवाज ज्याच्या त्याच्या ठोक्याला चिकटवून ठेवला, आणि मी ते आठ तुकडे नव्या जागी मांडले. इथे माझी तीस वर्षांची सवय कामी आली. प्रत्येक अंतर अगदी समान. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचासुद्धा फरक नाही. संध्याकाळी पाच वाजता काम संपलं तेव्हा माझे डोळे लाल झाले होते, पाठ मोडली होती आणि मी माझ्यावर खूश होतो. लूप अप्पांना ऐकवला.

अप्पांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले, "हा माझा ड्रम नाही. हे तुझं ऑफिस आहे."

मला हे लागलं. मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण कमी. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्यातलं सगळं हलणं-डुलणं काढून टाकलंत. मूळ कॅसेट ऐका की." मी ऐकली, स्टॉपवॉच लावून ऐकली. खरंच होतं. ड्रम वाजवणारा शेवटच्या दोन ठोक्यांना घाई करायचा आणि पहिल्या ठोक्यावर पुन्हा भानावर यायचा. आठ ठोक्यांत एकही अंतर दुसऱ्यासारखं नव्हतं. ज्या कॅसेटवर चारशे पोरं एका पायावर चालली, ती माझ्या खात्याच्या नियमानं जप्त करण्यालायक होती.

शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर पुन्हा वर गेलो. पुन्हा मांडणी केली, या वेळी प्रत्येक चुकीचं अंतर त्याच्या चुकीसकट, त्याच प्रमाणात ताणून. जाणूनबुजून चुकीचं माप पुढे करण्याची माझी ती पहिलीच वेळ. लूप झाला, खाली आणला. अप्पांनी ऐकला आणि नुसती मान हलवली. आमच्या घराण्यात याच्या वरचं बक्षीस नाही.

तेवढ्यात बायको म्हणाली, "पण आता त्यांची पावलं बावन्न राहिलेली नाहीत."

मोजली. अठ्ठेचाळीस. चार दिवसांत चार पावलं गेली होती. पुढे किती जातील हे मनात आलं आणि मी ते गणित पुरं केलं नाही. आयुष्यात प्रथमच एक गणित मी अर्ध्यावर सोडलं. जिना चढून परत वर गेलो, प्रोजेक्टचा वेग अठ्ठेचाळीस केला, आणि आठही तुकडे पहिल्यापासून पुन्हा ताणले. स्पीकरवाल्यांनी या वेळी बेसचं नाव काढलं नाही. न विचारता चहा ठेवला.

शनिवारी कॉरिडॉर. मी खडूनं फरशीवर वीस रेघा मारल्या, अप्पांच्या पावलाच्या मापानं, बरोबर बत्तीस सेंटिमीटरवर एक. अठराव्या रेघेशी सोसायटीच्या सेक्रेटरींचे बूट दिसले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सहानुभूतीनं मान हलवली आणि म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही. पण सामाईक जागेचा वापर, सामाईक जागेत ध्वनी आणि सामाईक जागेवर लेखन, असे तीन विषय आहेत. तीन अर्ज द्या."

"लेखन कुठे आहे? रेघा आहेत."

"रेघ हीसुद्धा लेखनाची सुरुवातच."

मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर त्यांनी माझ्यासमोर 'मंजूर' लिहिलं, पण ध्वनीवर अट घातली: रविवारी दहा ते सव्वादहा चाचणी, सोमवारी दहा ते सव्वादहा मुख्य कार्यक्रम. 'मुख्य कार्यक्रम' हा शब्द जिन्यानं सगळ्या इमारतीत पोहोचला. रविवारी पावणेदहालाच कॉरिडॉरमधली सगळी दारं उघडी होती आणि काकूंनी स्टूल आणलं होतं.

स्पीकरवाल्यांनी एक छोटा स्पीकर आणून ठेवला. छोटा म्हणजे त्यांच्या हिशोबानं. अप्पा काठी घेऊन पहिल्या रेघेवर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दहा वाजता मी लूप सुरू केला.

ड्रम वाजायला लागला. खरं सांगतो, सुंदर वाजत होता. सावकाश, भरदार, कुठे फाटलेला नाही, शेवटच्या दोन ठोक्यांना किंचित घाई करणारा. त्यावर तीस वर्षांपूर्वीचे अप्पा खणखणीत सांगत होते, "डावा! डावा!"

आणि आजचे अप्पा ताठ झाले. खांदे मागे, छाती पुढे, हनुवटी वर. आता पाऊल उचलणार म्हणून आम्ही सगळे पुढे वाकलो. अप्पांनी पाऊल उचललं नाही. ते तसेच उभे राहिले आणि करड्या नजरेनं त्या वीस रिकाम्या रेघांकडे बघत राहिले. सव्वादहा वाजले. सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं. मी ड्रम बंद केला.

"अप्पा, पाय अडले का?"

"नाही."

"मग?"

"ड्रम वाजत असताना मी कधी चाललोय?" अप्पा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "मी उभा असतो. चालतात ती पोरं."

मी फरशीवर बसलो, नवव्या आणि दहाव्या रेघेच्या मध्ये. आठवडाभर मी वेग मोजला, लूप कापला, ताणला, पुन्हा ताणला, पण छत्तीस वर्षं त्या ड्रमवर अप्पांनी नेमकं काय केलं हे एकदाही आठवलं नाही. त्या मैदानावर फक्कीचा डबा घेऊन मी रोज उभा होतो. मला नाही तर कुणाला आठवणार? काकू स्टूल उचलताना म्हणाल्या की बुटांचं बघा. मी हो म्हणालो.

त्या दिवशी अप्पा जेवताना म्हणाले, "खुर्ची आली तर ती त्या खिडकीपाशी ठेवा. मैदान दिसेल असं." आमच्या खिडकीतून मैदान दिसत नाही, मागच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. बायको उठून आत गेली. मी बसून राहिलो आणि ताटातलं बोटानं इकडचं तिकडे करत राहिलो. मला रडू येत होतं हे मी लपवणार नाही.

सोमवारी दहाला बाई आल्या. दारं पुन्हा उघडी, स्टूल पुन्हा जागेवर. ड्रम सुरू झाला. अप्पा ताठ. एक मिनिट गेलं, दोन गेली. अप्पा रेघांकडे बघत होते आणि बाई अप्पांच्या पायांकडे. मग त्यांनी हळूच फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

ते टोपण निघालेलं पाहिलं आणि माझा तोल सुटला. "अप्पा, अहो काय अवघड आहे त्यात?" मी ओरडलो. "हे असं! हे बघा, असं चालायचं!" आणि मी पहिल्या रेघेपासून चालायला लागलो. घरातला लेंगा, बनियन, वय वर्षं बावन्न, दोन्ही बाजूंना शेजारी. ड्रम वाजतोय, तीस वर्षांपूर्वीचे अप्पा "डावा!" म्हणतायत, आणि मी उजवा टाकतोय. मुद्दाम नव्हे. मला तेवढंच येतं.

चौथ्या रेघेवर मागून गर्जना झाली.

"डावा! अरे गाढवा, डावा!"

मी दचकून पाय बदलला. घाईत दोन्ही बदलले, म्हणजे पुन्हा उजवाच.

"डावा म्हटलं ना! कान आहेत का भोकं? डावा! डावा!" आवाज जवळ येत होता. काठीचा ठक्क असा आवाज ड्रमवर बरोबर पडत होता. मागे बघायची माझी छाती नव्हती. शाळेतही नव्हती. मी जोरात चालायला लागलो, तसा ठेका आणखी चुकला, तसे अप्पा आणखी चिडले. "पुढे बघ! हात खांद्याच्या रेषेत! कुणाचा मुलगा आहेस तू?" काकूंनी स्टूल बाजूला ओढलं, सेक्रेटरी भिंतीला चिकटले. विसावी रेघ माझ्या पायाखालून गेली. लिफ्टच्या दारापाशी भिंत आली म्हणून मी थांबलो, आणि काठीचं टोक माझ्या पोटरीला लागलं.

"हा डावा," अप्पा धापा टाकत म्हणाले. "हा. बावन्न वर्षांचा झालास."

मी वळलो. अप्पा लिफ्टपाशी उभे होते. त्यांच्या मागे रिकामा कॉरिडॉर आणि वीस रेघा, आणि त्या टोकाला बायको तोंडावर पदर धरून उभी. बाईंच्या हातातलं पेन तसंच होतं.

"सव्वीस," बाई म्हणाल्या. "सव्वीस पावलं, आजोबा. आणि एकूण एक ठोक्यावर पडलं."

अप्पांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचं एकही पडलं नाही."

बाईंनी टोपण लावलं आणि फाइल मिटली.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी माणूस असतो. पण बाईंनी जाताना सांगितलं की हे रोज व्हायला हवं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला, ऑफिसला जाण्याआधी, मी कॉरिडॉरमध्ये संचलन करतो. मागे अप्पा. सेक्रेटरींनी तिन्ही अर्जांना वर्षाची मुदतवाढ दिली आहे. इमारतीत लोक मला आता निरीक्षक म्हणत नाहीत, 'डावा' म्हणतात. पोस्टमनही म्हणतो.

दुसऱ्याच आठवड्यात एक संकट आलं. रोज चालून चालून माझं पाऊल बरोबर पडायला लागलं. बावन्न वर्षांत जे जमलं नाही ते नऊ दिवसांत जमलं! मी खुशीत लिफ्टपर्यंत गेलो आणि वळून पाहिलं, तर अप्पा सहाव्या रेघेवर ताठ उभे. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते बघत उभे राहिले होते, आणि पाय तिथेच चिकटले होते.

मुद्दाम चुकायचा प्रयत्न करून पाहिला. अप्पांना लबाडी लगेच कळते. "सोंग करतोस?" म्हणाले आणि बसून राहिले. शेवटी मी पुन्हा वर गेलो. स्पीकरवाल्यांनी डोकं चालवलं. तोच लूप, त्याच आठ तुकड्यांचा, पण दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये, वेग त्रेपन्न. तो माझ्या कानातल्या बारीक बोंडात वाजतो. कॉरिडॉरमध्ये अप्पांचा ड्रम अठ्ठेचाळीसनं आणि माझ्या कानात त्रेपन्ननं. मी माझ्या ड्रमवर अगदी इमानदारीनं, एकही ठोका न चुकता चालतो, आणि अप्पांच्या ड्रमवर माझं एकही पाऊल धड पडत नाही. वजनमापे खात्याचा निरीक्षक रोज सकाळी खोटं माप कानात घालून घराबाहेर पडतो. आमच्या कायद्यात यावर कलम आहे का, हे मी अजून पाहिलेलं नाही.

परवा आम्ही लिफ्टनं खाली उतरून फाटकापर्यंत गेलो. एकशे चाळीस पावलं. फाटकाशी सेक्रेटरी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय मास्तर, कसं काय चाललंय?"

"ह्याला शिकवतोय," अप्पा काठीनं मला दाखवत म्हणाले. "हुशार नाही. पण सोडणार नाही मी. अजून दोन वर्षं तरी लागतील."

मी कानातलं बोंड काढून खिशात ठेवलं. पोटऱ्या भरून आल्या होत्या, ऑफिसला उशीर झाला होता, आणि दोन वर्षं हा आकडा अप्पांनी मोजून सांगितला नव्हता, असाच ठोकला होता.

"लागू देत, अप्पा," मी म्हणालो. "दोनाची चार लागली तरी चालतील."